दामूकाकांचं उड्डाण

अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कोणालाही भारतात जायचं असलं, की आधी दामूकाकांच्या गराजमधल्या काट्यावर चढावं लागतं. बॅगांना नव्हे, माणसांना.

"अहो, मी काय बटाट्याचं पोतं आहे?" देशपांडे मावशी एकदा कडाडल्या.

"वजन लपवलं की विमान शेपटीकडे झुकतं!" काका शांतपणे म्हणाले आणि मावशींना पुढच्या सीटवर बसवून त्यांनी विमानतळाकडे व्हॅन काढली.

लहानपणी थोरल्या बहिणीबरोबर काका डाकोटा विमानात बसले होते, नागपूर ते मुंबई. तेव्हा प्रवाशांचं वजन करत, कानांत घालायला कापूस देत आणि चघळायला लिंबाच्या गोळ्या. काकांची व्हॅन अजून त्याच नियमांवर चालते. रस्त्यात खड्डा आला की ते ओरडतात, "एअर पॉकेट! पोटं सांभाळा!"

स्वतः मात्र कित्येक वर्षांत विमानात चढलेले नाहीत. "हल्लीची विमानं म्हणजे लिफ्ट. दार लागलं, झोपलो, दार उघडलं, मुंबई. ह्याला काय उडणं म्हणायचं?" नागपूरहून त्यांच्या थोरल्या ताई फोनवर विचारतात, "दामू, येतोस कधी?"

"चांगलं विमान मिळालं की!"

आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्यांदा मी.

गेल्या वर्षी मी नागपूरला निघालो, तेव्हा काकांनीच नेवार्क विमानतळावर सोडलं. चेक-इनच्या रांगेत लक्षात आलं, जॅकेट व्हॅनमध्ये राहिलंय, आणि पासपोर्ट जॅकेटात. काका फोन उचलेनात. व्हॅन लावली होती त्या पार्किंगच्या गच्चीवर धावत गेलो.

काका मागच्या सीटवर, खिडकीशी. पट्टा बांधलेला, कानांत कापूस, गालात गोळी. समोर एक विमान वर चढत होतं आणि त्याच्याबरोबर काका हळूहळू मागे रेलत होते.

मी काच वाजवली. दचकून त्यांनी कापूस काढला. आधी जॅकेट दिलं, मग म्हणाले, "हार्टच्या डॉक्टरनं विमान कायमचं बंद केलंय रे. ताईला बोलू नकोस. मी येणार, एवढ्यावर टिकून आहे ती."

नागपूरला ताईंनी दार उघडताच विचारलं, "दामू येणार ना?"

आजवर कोणाला सांगितलं नाही, पण त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो, "हो. चांगलं विमान मिळालं की."

ताई आत गेल्या. लिंबाच्या गोळ्यांचा पुडा आणून माझ्या हातावर ठेवला.

"त्याला दे. वर चढताना घाबरतो तो. या खेपेला हात धरायला मी नसेन शेजारी."