चौधरी सरांच्या तीनशे अळ्या

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या बिल्डिंगमध्ये डास मारायला बंदी होती. टाळी वाजवून खुशाल मारा. पण उदबत्ती, फवारा, धूर यांतलं काही चालायचं नाही. हा कायदा सोसायटीचा नव्हता, तळमजल्यावरच्या चौधरी सरांचा होता. कुणी चोरून डासांची उदबत्ती लावली की सर नाक वर करून जिना चढत आणि बरोबर त्याच दारावर थाप मारत. "वहिनी, विझवा ती. माझी पोरं मरतील."

पोरं म्हणजे तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळ्या. सर मूळचे धुळ्याकडचे, कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. कॉलेजने त्यांच्या संशोधनाला एक कपाट दिलं होतं, त्यातही अर्ध्या भागात क्रीडा विभागाची जाळी होती. म्हणून अळ्या घरी. फोटोच्या रोलच्या काळ्या डब्यांना भोकं पाडून प्रत्येकीला स्वतंत्र खोली, कारण एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींना खातात. "आपल्या कॉलेजच्या स्टाफसारख्या," सर म्हणत.

अळ्यांचा खुराकही घरीच शिजायचा. एकदा त्यांच्या फ्रिजमध्ये मला बेसनाच्या सुबक वड्या दिसल्या. सुरतेत राहून समोरची वडी सोडायची म्हणजे पापच. दोन खाल्ल्या. सर चिडतील म्हणून मी घाबरलो, तर ते वही-पेन घेऊन समोर बसले. "चव कशी आहे? खरं सांग भाऊ. अळ्या बोलत नाहीत."

एरवी त्यांच्या बोलण्यात एकच विषय असे. अळीच्या शरीरात विषाणू शिरला की पेशीला ते कळतं. ती शहाणी पेशी स्वतःच मरते. तिच्याबरोबर विषाणू मरतो, शेजारच्या पेशी वाचतात. पण विषाणू महाबिलंदर. "लूमच्या शेठसारखा! कारीगर म्हणतो, बरं नाही, मी चाललो. शेठ दाराला कडी घालतो, म्हणतो आधी कापडाचा ताका पुरा कर. तसा हा पेशीले मरू देत नई! तिच्याकडून आपल्यासारखे हजारो करून घेतो, मग सोडतो. तोवर अख्ख्या अळीचं पाणी झालेलं असतं."

यावरून सरांनी जीवनाचं तत्त्वज्ञान काढलं होतं: वेळेवर मरणं हा परोपकार आहे. ते वर्गातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. माझे सासरे गेले तेव्हा सर भेटायला आले आणि बायकोच्या देखत म्हणाले, "उत्तम झालं. पेशीला जे कळतं ते यांना कळलं." पुढचे सहा महिने आमच्या घरात सरांना चहा बंद होता.

पण माणूस गंभीर होता. पलसाण्याजवळच्या तुरीच्या शेतात त्यांना एक लुळा विषाणू सापडला होता. पेशीला रोखायची युक्ती तो विसरला असावा, असा त्यांचा संशय होता. ते सिद्ध करायला तीनशे अळ्यांना तो विषाणू चारायचा आणि रोज थोड्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, पेशी वेळेवर फुटतात का. तीन खेपा वाया गेल्या होत्या. एक तर आमच्याच रंगकामाच्या वासाने. निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात त्यांनी चौथी खेप लावली.

आणि सुरतेत प्लेग आला.

दोन दिवसांत बिल्डिंग रिकामी झाली. आम्हीही बोचकी बांधून जळगाव गाठायला निघालो. "सर, चला आमच्याबरोबर," मी म्हणालो. "अळ्यांना खायला कोण घालील? अजून पाच दिवस लागतील," ते म्हणाले. रिक्षात आम्ही नवरा-बायको त्यांच्यावर हसलो. मागे राहिले सर आणि पहिल्या मजल्यावरचे कांतिकाका. काकांचा मुलगा न्यायला आला होता, तर म्हातारा 'हूं क्यांय नथी जवानो', कुठेच जाणार नाही, म्हणून खाट धरून बसला.

तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा जिना प्लेगच्या पिसवा मारायच्या पांढऱ्या पावडरीने भरलेला होता. सरांचं दार उघडं होतं. ओट्यावर तीनशे डब्या धुऊन उपड्या घातल्या होत्या.

"सर, हे काय?"

"पावडरवाले आले. पहिल्या दिवशी 'इथं कुणी राहत नाही' म्हणून परतवले. दुसऱ्या दिवशी काकाला सणकून ताप भरला. मग मीच धावत जाऊन त्यांना नाक्यावरून बोलावून आणलं. सगळीकडे मारा म्हटलं, माझ्याही घरात."

"आणि काका?"

"दवाखान्यात नेलं. बरा आहे आता. साधा मलेरिया निघाला."

"म्हणजे अळ्या फुकटच गेल्या की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सर हातातली डबी पुसत राहिले. "तुम्ही सगळे गेल्यावर तो म्हातारा रोज संध्याकाळी कठड्यावरून वाकून विचारायचा, 'साहेब, जम्या के नहीं?' बावीस वर्षं झाली मला सुरतेत. जेवलास का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, भाऊ."

मी आठ वर्षं त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.