हक्काचे सात दिवस

चारुशीलाबाई पुरणाला चटका देत होत्या, तेवढ्यात दत्तोपंतांचा मोबाइल वाजला.

"अभिनंदन, सर! तुमच्या हॉलिडे मेंबरशिपला हैदराबादची पार्टी मिळाली आहे. ताबडतोब विकली जाईल."

दत्तोपंतांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे रागाने पाहिलं. मेंबरशिपचा विषय त्या घरात कोणी मोठ्याने काढत नसे.

दत्तोपंत तुळजापूरचे पिढीजात पुजारी. सोलापूरकडची, उमरग्याकडची यजमान घराणी दर्शनाला आली की त्यांच्याच घरी उतरायची आणि त्यांचा नैवेद्य चारुशीलाबाईंच्या हातचा व्हायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त काही वर्षांपूर्वी दोघं सोलापूरला चादरी आणायला गेले आणि दुकानाच्या दारात एका पोरीने त्यांच्या हातात कूपन ठेवलं. जोडीने हॉटेलात या, थोडं ऐकून घ्या आणि कॅसरोल फुकट न्या. कॅसरोल म्हटल्यावर चारुशीलाबाई थांबल्या. दोघं हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये जाऊन बसले. तिथे टाय लावलेला एक पोरगा सांगत होता, "डोंगरातल्या रिसॉर्टमध्ये दर वर्षी सात दिवस तुमच्या मालकीचे. तुमच्या मागे तुमच्या मुलांचे."

शेजारच्या टेबलावरचा एक व्यापारी फिस्सकन हसला. "सात दिवसांची मालकी कुठं असतीय व्हय? काय येड्यात काढायलाव!" असं म्हणून तो कॅसरोल न घेताच उठून गेला.

दत्तोपंतांना राग आला, पण तो व्यापाऱ्याचा. देवीच्या सेवेची पाळी त्यांच्या भावकीत दिवसांनीच तर वाटलेली होती. अमुक दिवस आपले, तमुक चुलत्याचे, आणि ते बापाकडून लेकाकडे आलेले. सात दिवसांची मालकी या माणसाला समजू नये, याचंच त्यांना नवल वाटलं.

"असतीय की मालकी!" ते उभे राहून म्हणाले. "आमची हायच. अन् अणदूर-नळदुर्गचा खंडोबा बघा. थोडे महिने नळदुर्गात, बाकीचे अणदुरात. देवसुद्धा वाटणीनं राहतोय, मग माणसाला काय झालं?"

सारा हॉल ऐकत राहिला. टायवाल्याला आपण काय विकतो ते पहिल्यांदाच नीट समजलं असावं. दत्तोपंतांनी तिथल्या तिथे सही ठोकली. कॅसरोल घेऊन बाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं, तर पोरगा पुढच्या टेबलावर खंडोबाचा दाखला देत होता.

देवीच्या दिवसांत आणि या दिवसांत काय फरक आहे, तो पुढे कळला. देवीचे दिवस कधी चुकत नाहीत. हे दिवस कधी मिळतच नव्हते. उन्हाळ्यात मागावेत तर भरलेले, दिवाळीत मागावेत तर भरलेले. रिकामे असायचे ते नेमके नवरात्रात, जेव्हा तुळजापूरच्या पुजाऱ्याला पाठ टेकायलाही फुरसत नसते. देखभालीच्या खर्चाची मागणी मात्र न चुकता यायची.

चारुशीलाबाईंनी पहिल्याच वर्षी डोंगरातल्या थंडीसाठी एक जांभळा स्वेटर घेऊन ठेवला होता. लग्न होऊन आल्यापासून त्या दुसऱ्यांच्या मुक्कामाची सोय करत आल्या होत्या. त्या स्वतः मुक्कामाला गेल्या त्या माहेरी, बाळंतपणाला, तेवढ्याच. स्वेटर दर वर्षी ट्रंकेतून निघे, ऊन खाई आणि डांबरगोळ्यांसकट परत ट्रंकेत जाई. त्या तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत. पण दोरीवर स्वेटर दिसला की दत्तोपंत मागच्या दाराने देवळात सटकत. तेव्हापासून त्यांचा जगावरचा विश्वास पार उडाला होता. गॅसवाल्याला ते सिलिंडरचं सील दोनदा दाखवायला लावत आणि बँकेतून आलेल्या फोनला तर रामरामसुद्धा घालत नसत.

"सर, ऐकताय ना? मी कृष्णराज बोलतोय. तुम्ही फक्त ट्रान्स्फरची फी आधी भरायची. सौदा झाला की ती परत मिळते."

"परतच द्यायची तर घेताव कशाला?"

"प्रोसेस आहे, सर."

"बरं. गाव कुठलं तुमचं? कुलदैवत कुठलं? पुजारी कोण तुमच्या घराण्याचा?"

तुळजापुरात माणूस खरा की खोटा हे आधार कार्डावर ठरत नाही. गाव, आडनाव आणि पुजारी, या तीन गोष्टी जुळल्या की तो खरा. कृष्णराजला यातलं काही ठाऊक नव्हतं. जवळीक साधायची म्हणून तो म्हणाला, "मी तुमच्याच जिल्ह्यातला, सर. येरमाळ्याचा."

"अस्सं? मग चैत्राच्या यात्रेत येरमाळ्याची माणसं रानात जाऊन काय वेचत्यात, सांगा बरं."

"फुलं... सर?"

"चुन्याचे खडे!" दत्तोपंत एवढ्या जोरात ओरडले की पळी पातेल्यात पडली. "येडेश्वरीच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचत्यात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. अन् तू मलाच चुना लावायला निघालास व्हय रं?"

फोन बंद झाला. संध्याकाळपर्यंत ही हकीकत साऱ्या गल्लीत झाली. चुलतभाऊ गुरुप्रसाद म्हणाला, "दादा, पोलिसांना जमना ते तुम्ही केलंत." झालं! दत्तोपंतांना आता आपल्या संशयाचा अभिमान वाटू लागला आणि येणाऱ्या प्रत्येक फोनची परीक्षा सुरू झाली. उमरग्याचे हणमंतप्पा तीन पिढ्यांचे यजमान, पण त्यांनी नवा नंबर घेतला होता. "सहकुटुंब येतोय, पुरणपोळीचं बघा," एवढंच सांगायला त्यांनी फोन केला, तर पणजोबाचं नाव विचारलं गेलं. हणमंतप्पा गडबडले. त्यांनी आत्याला फोन लावून नाव मिळवलं, परत फोन केला आणि कातावून म्हणाले, "पंत, मी जेवायला यायलोय का जमीन मोजायला?"

संशयातून आता घरातलेही सुटेनात. चारुशीलाबाई अलीकडे गुणगुणत होत्या. स्वेटरचं ऊन खाऊन झालं तरी तो ट्रंकेत गेला नव्हता. त्या गुरुप्रसादच्या बायकोला पुरणात गूळ किती घालायचा ते समजावून सांगत होत्या आणि दत्तोपंत आले की विषय बदलत होत्या. यात काहीतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ओळखलं. नेमकं कुठं, ते मात्र ओळखलं नाही.

सोमवारी दुपारी फोन आला.

"नमस्कार सर, मी शिवांजली बोलतेय. तुमची सात दिवसांची खोली मिळाली आहे. वेटिंग क्लिअर झालंय. कन्फर्म करू ना?"

"आज अचानक मिळाली व्हय?" दत्तोपंत गालातल्या गालात हसले. "फी किती भरायची आधी?"

"काहीच नाही, सर."

हे ऐकून तर त्यांची खात्रीच पटली. फी मागणाऱ्यापेक्षा फी न मागणारा जास्त पोचलेला. "कुलदैवत कुठलं तुमचं?"

"सर?... आमचं खंडोबा."

"कुठला? जेजुरीचा, पालीचा का अणदूरचा?"

"ते आईला विचारावं लागेल, सर. बुकिंग कन्फर्म करू की रद्द करू?"

"स्वतःचा देव ठावं न्हाय अन् मला डोंगर दाखवायलीय! रद्द करा. सगळं रद्द करा!"

"ठीक आहे, सर. रद्द केलंय. तुमचा दिवस चांगला जावो."

मिशीवरून हात फिरवत दत्तोपंत स्वयंपाकघरात गेले. "ऐकलंस का? आज एकीला धरली. म्हणे सात दिवसांची खोली मिळाली. म्या म्हणलं, रद्द कर!"

चारुशीलाबाईंच्या हातातला उंडा परातीत पडला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती खोली मी मागितली होती. पुण्याहून आपल्या लेकीनं, अश्लेषानं मोबाइलवरून नंबर लावला होता. गेल्या दिवाळीपासून वाट बघायलेय. तुमचे सेवेचे दिवस टाळून, नवरात्र टाळून. तुम्हाला ऐनवेळी सांगणार होते."

त्यांनी घाईघाईने कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक आवाज म्हणाला, "सर, सुरक्षेसाठी एक प्रश्न विचारते. मॅडमनी नोंदवलेला त्यांचा आवडता रंग कोणता?"

"कुंकवाचा. लाल."

"नाही, सर."

"मग भगवा! पिवळा! अहो, भंडाऱ्याचा पिवळा!"

"उत्तर जुळत नाही, सर. हा कॉल संशयास्पद म्हणून नोंदवला जात आहे."

दत्तोपंत फोनकडे बघत राहिले. मग त्यांची नजर दोरीवर गेली. जांभळा स्वेटर वाऱ्यावर हलत होता. प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं डोळ्यांसमोर वाळत पडलं होतं, आणि ते प्रत्येक वेळी मागच्या दाराने निघून गेले होते. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

"अगं, पुढच्या वर्षी नक्की जाऊ," ते पुटपुटले.

"मी उद्याच निघालेय," चारुशीलाबाई स्वेटरची घडी घालत म्हणाल्या. "अश्लेषा येतीय पुण्याच्या स्टँडवर. तुम्ही ते संगीत ऐकत बसलात तेवढ्यात तिनं डोंगरात साधी खोली बघितली. जायचं, भाडं द्यायचं, राहायचं. सगळं जग तसंच करतंय म्हणे."

"अन् हणमंतप्पा? ते उद्याच यायलेत! गुरुप्रसादच्या बायकोला तरी..."

"तिला मी नको म्हणून सांगितलंय. तुम्हीच म्हणता ना, वाटणीचे दिवस ज्याचे त्यानं करायचे? या घरातल्या चुलीचे वर्षातले सात दिवस आजपासून तुमचे. बाकीचे माझे. अन् आपल्यामागं आपला लेक श्रेयस चालवील."

नियम त्यांच्याच घराण्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बॅग उचलून बायकोला स्टँडवर सोडलं आणि पुण्याची गाडी हलेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहिले.

घरी आले तर हणमंतप्पा सहकुटुंब ओसरीवर बसले होते. दत्तोपंतांनी परातीसमोर बैठक मारली. पहिली पोळी फाटली, दुसरी पोळपाटाला चिकटली, तिसरीतलं पुरण बाहेर आलं. हणमंतप्पांनी आत डोकावून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "पंत, घर चुकलो न्हाय न्हवं आम्ही?"

हणमंतप्पांचा मुक्काम होता, म्हणून दुसऱ्या दिवशीही दत्तोपंत पोळ्याच लाटत होते, तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला. धुक्यात चारुशीलाबाई उभ्या होत्या. जांभळ्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे दत्तोपंतांनी लग्नाच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं. फोटोखाली लिहिलं होतं, "पुढच्या वर्षीचे दिवस आल्यावर ठरवू." त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. तव्यावरची पोळी करपली. मग पुन्हा फोन वाजला.

"अभिनंदन, सर! तुमच्या मेंबरशिपला बेंगळुरूची पार्टी मिळाली आहे." नाव वेगळं सांगितलं होतं, पण आवाज कृष्णराजचाच होता.

दत्तोपंतांनी या वेळी कुलदैवत विचारलं नाही. "बरं झालं फोन केलास, बाबा. मेंबरशिप राहू दे. माझ्याकडं दुसरे सात दिवस हायत. विकायचेत."

"कुठले, सर?"

"तुळजापुरातले. देवळाजवळ. राहायला खोली, दोन वेळचा चहा, देवीचं दर्शन. ताबा आत्ता लगेच. फक्त पुरण वाटायचं अन् पोळ्या लाटायच्या. फी आधी पाहिजे का तुला? घे की. सांगशील तेवढी भरतो!"

कृष्णराज सावधपणे म्हणाला, "सर, तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात? मला हे काहीतरी फसवणुकीचं वाटतंय."

आणि त्याने फोन ठेवला. दत्तोपंतांनी मोबाइल पिठात आडवा केला, हणमंतप्पांना आणखी थोडं थांबायला सांगितलं आणि पुढचा उंडा हातात घेतला.