चौदाशे अठ्ठ्याण्णव

गुहेच्या भिंतीवरच्या, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राने तेराशे ब्याऐंशी दाखवले, तेव्हा गाइडने आपल्या माहितीतला उरलासुरला विनोदही गाळून टाकला. एका विनोदामागे आठ आकडे चढतात, हे त्याने महिनाभरात पाहून ठेवले होते. पर्यटकांच्या उच्छ्वासाने गुहेतली हवा बिघडते आणि हजारो वर्षांची चुनखडीची झुंबरे झिजतात, असे तज्ज्ञांचे म्हणणे. म्हणून महिन्याची परीक्षा लावलेली. आकडा एकदा जरी पंधराशेवर गेला, तर गुहेला कायमचे कुलूप आणि गाइडची बदली कचेरीच्या आवक-जावक खात्यात. वीस वर्षे अंधारात सुखाने काढलेल्या माणसाला ट्यूबलाइटखाली बसवणे म्हणजे फाशीच.

आज शेवटचा दिवस. पाच वाजता परीक्षा संपणार होती. आणि साडेचारच्या शेवटच्या गटात, आधी न कळवता, त्याची बायको आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन हजर.

यंत्राखालच्या पायरीपर्यंत अक्का ठीक आल्या. पुढची अरुंद वाट पाहिली आणि मटकन खाली बसल्या.

"मी पुढे येणार नाही. आणि मागेही जाणार नाही."

मागच्या बारा जणांनी एकदम सुस्कारा टाकला. चौदाशे नऊ.

गटात एक निवृत्त व्यायामशिक्षक होते. दुसऱ्याचे संकट दिसले की अशा माणसांचे हात शिवशिवतात.

"ताई, घाबरायचं नाही! सगळे माझ्याबरोबर. दीर्घ श्वास घ्या... पोट आत... सोडा!"

सगळ्यांनी मनापासून सोडला. चौदाशे एकावन्न.

"कुणी श्वास सोडू नका!" गाइड ओरडला. मंडळी भलतीच आज्ञाधारक. त्यांनी गाल फुगवून अर्धा मिनिट दम धरला आणि मग बाराच्या बारा जणांनी एकदमच सोडला. चौदाशे ऐंशी.

"अगं, सगळ्यांना बाहेर ने," तो बायकोला कुजबुजला. "या मास्तरांना आधी!"

आता आत दोघेच. पाचाला सात मिनिटे कमी.

"भाऊजी, खरं सांगा," अक्का धापा टाकत म्हणाल्या, "मी तुमच्याकडे आलेली तुम्हाला खपत नाही ना?"

"कोण म्हणालं असं?" बोलून गाइडने वर पाहिले. चौदाशे नव्वद. त्याने तोंड मिटले आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मग माझ्या घराची दुरुस्ती होईतो राहू म्हटलं, तर दर वेळी नन्नाचा पाढा का?" अक्कांचा आवाज चढला, पाठोपाठ आकडा. चौदाशे पंच्याण्णव.

गाइडने हात जोडले.

"म्हणजे येऊ?"

मान होकारार्थी हलली.

"सगळ्यांना घेऊन?"

सगळे म्हणजे अक्कांचे यजमान, दोन मुलगे आणि म्हातारपणी बासरी शिकायला घेतलेले सासरे. गाइडने यंत्राकडे पाहिले. चौदाशे सत्त्याण्णव. डोळे मिटून त्याने मान हलवली.

"अय्या!" अक्का टुणकन उठल्या आणि तरातरा बाहेर चालू लागल्या. त्या 'अय्या'चा एक आकडा चढला. चौदाशे अठ्ठ्याण्णव. घड्याळाचा काटा पाचवर आला, आणि गुहा वाचली.

गाइड लढाई जिंकल्यासारखा बाहेर आला. अक्का फोनवर यजमानांना गाद्या बांधायला सांगत होत्या. बायकोने त्याला बाजूला ओढले.

"तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो कुठे? नुसती मान हलवली. अगं, गुहा वाचली!"

"महिनाभर मी तिला 'ह्यांना चालत नाही' म्हणून थोपवून धरलं होतं. आज इथे आणलं ते कशाला? तुमच्या तोंडून एकदाचं नाही ऐकू दे म्हणून!"

आणि तिने असा काही सुस्कारा सोडला की गाइडची नजर सवयीने यंत्र शोधू लागली.