मी तापलो म्हणून भागलं

पाण्याने गार होणाऱ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांना अक्कल शिकवायला कंपनीचा इंजिनिअर कशाला? माझ्यासारखा रिटायर्ड वायरमन पुरतो! असं मी सूनबाईला ठणकावून सांगितलं.

तिच्या कॉम्प्युटरच्या पोटात रबरी नळीतून पाणी फिरतं आणि सहा पंखे ते गार करतात. पण हे पंखे असे घोंघावायचे की बायकोची हाक मला ऐकू यायची नाही. माझी काही तक्रार नव्हती. डोकं सूनबाईचं दुखायचं.

मी कंट्रोलर केला. साबणाच्या डबीत सर्किट, बाहेर लांब वायर, टोकाला तांदळाएवढा सेन्सर. तो नळीला चिकटवला. पाणी तापलं की पंखे जोरात, निवलं की हळू!

"लाव बिनधास्त काम!"

तिने लावलं. नव्या वाचनालयाची इमारत आतून कशी दिसेल, त्याची फिल्म कॉम्प्युटर तयार करू लागला. तिचं स्वतःचं पहिलं काम, दुपारपर्यंत पोचवायचं होतं. खोली कशी चिडीचूप! मी मिशीला पीळ दिला.

"बाबा, पंखे फिरत नाहीयेत!"

"म्हणजे पाणी गार आहे."

"कसलं गार? स्क्रीनवर लाल आकडे आलेत! आणखी तापलं तर मशीन बंद पडेल, सगळं काम जाईल!"

मग माझी ट्यूब पेटली. नळी जाड रबराची, आतली ऊब बाहेर येणार कुठून? सेन्सर बापडा स्वेटरवरून ताप बघत होता!

"पंखे आधीसारखे जोडा ना!"

"त्या वायरी मी कापल्या."

"का?"

"नीटनेटकं दिसावं म्हणून."

मी सेन्सर उपटून काखेत दाबला. पंखे कुरकुरत फिरू लागले.

"अजून जोर हवा, बाबा!"

"गरम पाण्यात बुडवू?"

"कॉम्प्युटरजवळ पाणी नको!"

दोन बाटल्या पाणी पोटात घेऊन बसलेल्या कॉम्प्युटरजवळ!

तेवढ्यात बायको आली. "काखेत काय लपवलंत? पुन्हा काहीतरी मोडलंत ना? मिक्सर दुरुस्त केलात, तेव्हापासून तो उलटा फिरतोय!"

"उलटा नाही! दुसऱ्या बाजूने फिरतो!"

माझी कानशिलं तापली आणि पंखे सुसाट सुटले!

"आई, पाणी निवतंय!" सूनबाई ओरडली. "बाबांना तापवा! बोला, आणखी बोला!"

हे हिला सांगावं लागतं का? हिने पदर खोचला. इस्त्री झाली, गीझर झाला, मग हिच्या भावाच्या घरची बेल निघाली. ती दाबली की त्याच्या बाथरूममधला दिवा लागतो, त्यात माझा काय दोष? मी तापत गेलो, पंखे पेटत गेले. पडदे छताला चिकटले. माझी टोपी खिडकीतून उडाली ती चौथ्या गल्लीत सापडली. खोटं वाटत असेल तर या, टोपी दाखवतो!

"पोचली! फिल्म पोचली!" सूनबाईने टाळ्या वाजवल्या. "आई, थांबा आता!"

"थांबू कशी?" ही म्हणाली. "अजून नुसतं वायरींचंच झालंय!"