मागच्या फाटकाचे भैयासाहेब

आमच्या सोसायटीला राजवाड्याच्या तोडीची कमान आहे, आणि भैयासाहेब खडके तिच्यातून कधीही आत येत नाहीत. ते मागच्या फाटकाने येतात. त्या फाटकाने कचऱ्याची गाडी येते, कामवाल्या बायका येतात आणि भैयासाहेब येतात. बस थांबते ती बरोबर कमानीसमोर. तरी हातात पिशवी, डोक्यावर काळी टोपी, असा हा गृहस्थ दुखरा गुडघा ओढत अख्ख्या भिंतीला वळसा घालतो.

यावर सोसायटीत मतं पुष्कळ. कुणी म्हणे वास्तुदोष. कुणी म्हणे, यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, तेव्हा घोड्याशिवाय कमानीखालून जाणं कमीपणाचं वाटत असेल. माझं मत, माणूस चक्रम आहे, आणि चक्रमपणाला कारण लागत नाही. सियागंजच्या बाजारात माझं कड्या-कोयंडे, बिजागऱ्यांचं दुकान आहे. माझ्या मतांना फार खोली असावी, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

दुसरी तऱ्हा म्हणजे त्यांचा प्रश्न. कुठलीही नवी वस्तू दाखवा, भैयासाहेब ती उलटीपालटी करून, इकडच्या बोलीत ‘भिया’ म्हणजे भाऊ म्हणत, विचारणार, “चेहरा चांगला आहे भिया, पण उघडतं का?” आम्ही खिडक्या बदलल्या तेव्हा त्यांनी प्रत्येक खिडकी स्वतः उघडून पाहिली. बायकोने हौसेने भिंतीवर कोरीव झरोका लावला, तर त्याच्या फटीत नखं घालून बसले. नुसती शोभा आहे म्हटल्यावर चहा अर्धा ठेवून उठले. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. झरोका मीच दुकानातून आणला होता.

माझ्या दुकानातही ते येत. जुन्या घडणीची जाड पितळी बिजागरी मागत, कानाशी नेऊन उघडझाप करत आणि पिशवीत टाकत. सोसायटीतलं घर भाड्याचं, एकट्याचं. एवढ्या बिजागऱ्या कशाला लागतात म्हणून विचारलं, तर म्हणाले, “असू द्या ना. कब काम आ जाए.”

आता सोसायटीबद्दल सांगायला हवं. हातोदच्या रस्त्यावर जिथे गाव होतं तिथे आता आम्ही आहोत. गाव उचलून मागच्या भिंतीपलीकडे पक्क्या घरांच्या रांगेत नेऊन ठेवलं आणि गावाच्या जागी होळकरी थाटाचे फ्लॅट उभे केले. गच्चीवरच्या घुमटदार छत्र्यांच्या आत पाण्याच्या टाक्या आहेत. सज्जे आहेत, त्यांच्यावर उभं राहायची मनाई आहे. गावाचं म्हणून एकच उरलं, ते कमानीच्या आतलं खेडापती हनुमानाचं देऊळ. माळव्यात नवरदेव खेडापतीला डोकं टेकवल्याशिवाय वरात गावाबाहेर पडत नाही. बिल्डरने देऊळ छान रंगवलं आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो छापला.

यंदा वैशाखात मी दुकानातून परतत होतो, तर कमानीसमोर वरात अडलेली. मागच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पटेलांचा नातू घोडीवर बसलेला, बँड गप्प. गार्ड फ्लॅट नंबर मागत होता. नंबर सांगितल्याशिवाय त्याच्या मोबाइलवर परवानगी निघत नव्हती, आणि ज्यांचं अख्खं गाव इथे होतं त्यांच्यापाशी एकही नंबर नव्हता. मी हॉर्न वाजवला. आधी मी तेच केलं.

तेवढ्यात बसमधून भैयासाहेब उतरले आणि सवयीप्रमाणे भिंतीच्या कडेने सटकू लागले. पण कडेलाच बायका जमल्या होत्या. कमानीला लागून भिंतीत एक लहानसा दिंडी दरवाजा आहे. लोखंडी खिळे, पितळी कडी, माथ्यावर गणपती. नवरदेवाची आई त्या दरवाजाला हळदकुंकू लावत होती. आत सोडत नाहीत म्हणून हे लोक प्रत्येक लग्नात इथूनच खेडापतीला नमस्कार करतात, असं माझ्या गाडीच्या खिडकीशी उभी असलेली वस्तीतली एक बाई मला म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

पटेलांनी भैयासाहेबांना पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. “बाबूजी, दरवाजो तो तमने घणो अच्छो बणायो.”

टोमणा नव्हता त्यात. म्हाताऱ्याला दरवाजा खरंच आवडला होता. भैयासाहेबांनी टोपी काढली आणि हातात धरली. मी गाडीतून उतरलो. म्हटलं, हा तुम्ही केलात?

“काढला मी,” ते म्हणाले. मग जे बाहेर पडलं ते थांबेना. नोकरीभर सरकारी खात्यात नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर बिल्डरने जुन्या थाटाच्या कामाला बोलावलं, तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला. गाव हलायला तयार नव्हतं, खेडापतीपासून तुटू म्हणत होतं. हेच मध्ये पडले. कमानीशेजारी दिंडी दरवाजा ठेवतो, तो तुमच्यासाठी कायम उघडा राहील, असा शब्द दिला. बाहेरच्या बाजूने उघडेल, म्हणजे कुणाला हाक मारावी लागणार नाही. पटेलांनी त्या शब्दावर मान डोलावली आणि गाव उठलं.

“मी समोरून त्याचं चित्र काढत बसलो भिया. एकेक खिळा काढला. और प्लानमध्ये दार उघडताना जेवढं फिरतं तेवढा पाव गोल काढायचा असतो ना, जमिनीवर, तो राहिला. ठेकेदाराने भिंत समजून वर हा चेहरा चिकटवला. त्याची गलती नाही. चूक माझी. मग उघडून द्या म्हणून बिल्डरच्या खूप हातापाया पडलो, पण भिंत उभी राहिली होती.”

मी दरवाजाकडे पाहिलं. रोज दोनदा मी त्याच्यासमोरून जातो आणि आयुष्यभर बिजागऱ्या विकत आलो आहे. त्याला एकही बिजागरी नव्हती. मला माझ्या हॉर्नची, कमानीची, भिंतीवरच्या झरोक्याचीसुद्धा लाज वाटली.

गार्डला माझा नंबर सांगितला आणि म्हटलं, सगळी वरात माझी पाहुणी आहे. घोडी धरून पाहुणे किती, असं त्याने विचारलं. शेवटी फाटक उघडलं, बँड सुरू झाला आणि नवरदेव आत निघाला. पटेल भैयासाहेबांचा हात धरून म्हणाले, “चालो बाबूजी, खुल गयो.”

“आज खुला, पटेलजी,” भैयासाहेब म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

मी वरातीबरोबर देवळापर्यंत गेलो. नवरदेवाने डोकं टेकवलं, पटेलांनी डोळे पुसले. मागे वळून पाहिलं तर कमानीतून रस्ता दिसत होता. भैयासाहेब त्या दरवाजासमोर गुडघा टेकून बसले होते आणि खिशातल्या खडूने फरशीवर पाव गोल काढत होते. मागे राहिलेली एक म्हातारी आरतीचं ताट घेऊन लगबगीने आत येत होती. त्यांना पाहून ती थांबली. मग पदर सावरून त्या रेघेच्या बाहेरून वळसा घालून आली, दार उघडलं तर वाटेत नको म्हणून.