दणक्याच्या मागचा भिंगरी

आमच्या गल्लीतला भिंगरीनाना कोणाच्याही पुढं चालत नाही. रस्ता मोकळा असला, पुढं माणूसच काय शेळीसुद्धा नसली, तरी तो डाव्या कडेनं चालतो आणि आपल्या पुढं उजव्या अंगाला एका धिप्पाड माणसाइतकी जागा सोडतो. एसटीत खिडकीची जागा रिकामी ठेवून अलीकडं बसतो. कंडक्टरनं "आत सरका" म्हटलं तर उठून उभा राहतो, पण सरकत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचं पान मोकळं ठेवतो. वाढप्यानं चुकून त्या पानावर बुंदी वाढली तर तीही खातो.

नव्या माणसाला वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. तसं काही नाही. तो भिंगरी आहे. हे नीट सांगायला पाहिजे, कारण ह्यात माझा नवरा येतो.

मी नांदायला आले तेव्हा नांदूरघाटला एक पेंटर होता. दुकानाच्या पाट्या, ट्रॉलीची मागची फळी, लग्नघराच्या भिंतीवरचे हत्ती आणि भालदार, सगळं तो रंगवायचा. त्याच्या डोक्यात आलं की चित्रांच्या गोष्टीचं पुस्तक काढावं आणि त्यातला वीर आपल्या बालाघाटच्या डोंगरातला असावा. बघून काढायला माणूस पाहिजे होता. आमचे मालक अंगानं दांडगे, ज्वारीचं पोतं उचलून ट्रॉलीत असं टाकायचे जसं काही उशी. पेंटरनं त्यांना धरलं. मालकांच्या मागं शेजारचा भानुदास असायचा, मिसरूड न फुटलेला, तुरीच्या काडीसारखा. पेंटरनं त्यालाही धरलं. मालक झाले वीर दणका आणि भानुदास झाला त्याचा साथीदार भिंगरी.

पुस्तकं पातळ होती, रंग बोटांना लागायचा. नारायणगडच्या जत्रेत पिपाण्यांच्या शेजारी विकायला असायची. मी चौथीपर्यंत शिकले, पण ती वाचायला चौथीसुद्धा जास्त होते. गोष्ट दर वेळी एकच. विहीरगिळ्या नावाचा राक्षस गावाची विहीर पिऊन टाकतो. दणका त्याला शोधायला निघतो. भिंगरी म्हणतो, नको, सापळा आहे. दणका ऐकत नाही आणि सापळ्यात पडतो. मग भिंगरी गरागरा फिरतो, धूळ उडते, राक्षस डोळे चोळतो, दणका गदा हाणतो. गाव दणक्याला खांद्यावर घेतं. शेवटच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात भिंगरी उभा असतो आणि त्याच्या तोंडासमोर लिहिलेलं असतं, "मी हाय मागं."

आता माझं ऐका. वीर दणक्याच्या खांद्यावरचा तांबडा झगा म्हणजे माझ्या लुगड्याचा पदर. मला न विचारता कापलेला. गदेचं डोकं म्हणजे माझा पितळी तांब्या, कुदळीच्या दांड्याला बांधून त्यावर गोणपाट आणि सोनेरी रंग. डोंगरातल्या गुहेत दणका आणि भिंगरी ज्या भाकरी खातात त्या मी थापलेल्या, पेंटरनं समोर ठेवून काढल्या आणि नंतर तिघांनी खाल्ल्या. वीराचं सगळं सामान माझ्या घरचं. फक्त मी कुठंच नाही. दणक्याला बायकोच नाही.

मी पेंटरला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, वीराला बायको असली की तो राक्षसाच्या मागं जाईल कसा? ती जाऊ देईल का?"

"आन् त्या भिंगरीला बरं जाऊ देता बरोबर."

"तो साथीदार आहे. साथीदार पाहिजेच."

पुस्तकाचं नावच होतं 'वीर दणका आणि भिंगरी'. माझ्या नवऱ्याच्या नावाला 'आणि' लागला होता आणि त्याच्या पुढं मी नव्हते. माझं पोट दुखलं ते तेव्हापासून. लोक म्हणतात वयानं हे कमी होतं. माझं झालं नाही.

मालक घरात मोजकं बोलायचे आणि हसले तरी दात दिसायचे नाहीत. त्या पुस्तकात प्रत्येक पानावर ते दात दाखवून हसतात. पेंटरनं मनानं काढलं असेल म्हणून मी एकदा शेताकडं जाऊन बघितलं. खरोखर हसत होते. भानुदास गरागरा फिरून ढेकळात पडला होता आणि हे पोट धरून हसत होते. मी भाकरी ठेवली आणि परत आले.

नानाचं लग्न झालं नाही, त्यालाही हेच कारण. युसूफ वडगावला मुलगी बघायला गेलो होतो. नाना सवयीनं मालकांच्या मागं बसला. मुलगी आली, मान वर करून समोरच्याला बघितलं आणि आत जाऊन हो म्हणाली. तिनं दणक्याला पसंत केलं होतं. मी तिथंच कपाळभर कुंकू लावून बसले होते. दुसऱ्या ठिकाणीही थोड्याफार फरकानं तेच झालं. नानाला मी म्हटलं, "भावजी, लग्नात तरी पुढं बसावं माणसानं." तो म्हणाला, "सवय न्हाई वहिनी. पुढं बसलं की पाठ उघडी पडल्यावानी वाटतं."

साथीदार ह्या विषयावर नाना तासभर बोलू शकतो. चहा लागतो, तो मी देते. "वीर ढगात बघतो वहिनी, जोडीदार पायाखाली बघतो. खड्डा कोणाला दिसंल, सांगा." किंवा, "जोडीदार धरला गेलाच पायजे. त्याच्याबिगर गोष्ट फुडं सरकत न्हाई." हे दुसरं त्यानं इतकं मनावर घेतलं आहे की तो अजूनही कुठंही अडकतो आणि शांत बसतो. एकदा पिठाच्या गिरणीत पोत्यांच्या मागं टेकला होता. गिरणीवाला कुलूप लावून जेवायला गेला. आत नाना आहे हे मला माहीत, कारण माझंच दळण घेऊन गेला होता. मी जाऊन कुलूप उघडायला लावलं. आत हा पिठानं पांढरा होऊन बसलेला.

"दार वाजवायचं तरी," मी म्हटलं.

"कावून? सुटका व्हणारच होती की."

पूर्वी त्याची सुटका मालक करायचे. आता मला करावी लागते. हे काम मला कोणी विचारून दिलेलं नाही.

पेंटरनं शेवटच्या पुस्तकात भिंगरीला मारलं. म्हणे वाचणाऱ्यांना रडवलं पाहिजे. राक्षसाचा भाला दणक्यावर येतो आणि भिंगरी मधी पडतो. नानाची आई ते पुस्तक घेऊन नांदूरघाटला गेली आणि भर बाजारात पेंटरला म्हणाली, "माझ्या जित्या लेकराला मारतूस व्हय रं? तुझ्या पाटीवर कावळा बसू दे." मला आतून बरं वाटलं होतं. वाटलं, आता तरी गुहेत जागा झाली. पण पेंटरनं भिंगरीच्या जागी आणला पोपट.

पोपटाचं नाव नानासमोर काढू नये. पेरूवर राघू बसले की तो पेरूकडं पाठ करतो. "पोपट कसला जोडीदार? जोडीदार मागं उभा राहतो. पोपट खांद्यावर बसतो. खांद्यावर बसणारा वेगळा आन् मागं राहणारा वेगळा." पोपटाचं ते एकच पुस्तक निघालं, मग पेंटरनं धंदा बंद केला. नाना आजही म्हणतो, "मी मेलो आन् पुस्तक मेलं." सांगताना त्याची छाती जरा फुगते.

हे सगळं मी सोसलं. पण एक गोष्ट सोसवली नाही. मालक गेल्यावर दिवसांच्या जेवणाला बायका बसल्या होत्या आणि भिंतीवर पाल चुकचुकली. नाना दारातून सहज म्हणाला, "दणका पालीला लई भ्यायचा."

मी म्हटलं, "कोण?"

"दणका. आमी गेलतो ना डोंगरात गुहा बघायला, तवा पाल दिसली तर माझ्या मागं लपला. मी पुढं झालो ते तेवढंच."

मी संसारभर ह्या घरातल्या पाली झाडूनं मारल्या. मला वाटायचं हा माणूस आळशी आहे. तो भीत होता, आणि ते मला नाही, भानुदासला माहीत होतं. मी त्या दिवशी रडले. बायकांना वाटलं नवऱ्यासाठी. खरं म्हणजे मी रागानं रडले.

तिरडीला नानानं मागचा डावा खांदा दिला होता. त्यानंतर तो माझ्या मागं लागला. गिरणीला निघाले की मागं, देवळाला निघाले की मागं, नांदूरघाटच्या बाजाराला निघाले की मागं. मी थांबले की थांबतो. "भावजी, पुढं व्हा," म्हटलं की म्हणतो, "चाला वहिनी, मी हाय मागं." बायका हसतात. म्हणतात, आजी, तुमचं शेपूट आलं. मला वाटायचं, मालक नाहीत म्हणून ह्याला कोणाची तरी पाठ पाहिजे. कोणाचीही चालेल.

मागच्या हिवाळ्यात पेंटरची मुलगी सुलभा आली. ती चित्रकला शिकवते आणि काचेच्या पाटीवर चित्रं काढते. बापाचं पुस्तक तिला पुन्हा काढायचं होतं, पण नवी गोष्ट करून. दणका आता नाही. भिंगरी मेला नव्हताच, गुहेत जखमी पडला होता. तो म्हातारा होऊन बाहेर येतो, दणक्याचा झगा अंगावर घेतो आणि गदा उचलतो.

"आजी, अशा गोष्टींत असंच असतं," ती म्हणाली. "वीर गेला की साथीदार त्याची जागा घेतो."

"जागा घेतो? कोणाला विचारून?"

ती गडबडली. तिला झगा आणि गदा बघून काढायची होती. दोन्ही माझ्या पेटीत होती. मी म्हटलं, कुलपाची किल्ली सापडत नाही. किल्ली माझ्या कमरेला होती आणि तिला दिसत होती.

संध्याकाळी नाना आला. नेहमी उंबऱ्यात बसतो, त्या दिवशी उभा राहिला.

"वहिनी, तेवढा झगा देता का?"

"न्हाई."

"कावून?"

"झगा न्हाई तो. पदर हाय माझा. तुमी त्यांच्यासंग हिंडलात, गुहेत जेवलात, पुस्तकात मेलात, आता त्यांची जागा बी घ्या. पदर मिळायचा न्हाई."

तो उंबरा उतरला. गेला. दुसऱ्या दिवशी मी देवळाला गेले तेव्हाही मागं होता, पण जरा जास्त मागं.

ज्या दिवशी चित्र काढायचं ठरलं होतं त्या दिवशी मी देवळाच्या पटांगणात बघायला गेले. पदर आणि गदा पिशवीत घालून बरोबर नेली. द्यायला नाही. मी घरात नसताना पेटीवर माझा भरवसा नव्हता.

नानानं धोतर नेसलं होतं, मिशीला तेल लावलं होतं. सुलभानं त्याला मधोमध उभं केलं आणि हातात गदा म्हणून काठी दिली. ती आपल्या पाटीकडं वळली आणि परत बघते तर नाना डावीकडं मागं सरकलेला. तिनं हाताला धरून पुन्हा मधी आणला. पुन्हा तेच. तिनं जमिनीवर खडूनं गोल काढला. नाना गोलाच्या मागं, डावीकडं.

"नाना, आता तुम्ही वीर आहात. मधी उभं राहायचं."

"ऱ्हातो की."

पुन्हा सरकला. हे मुद्दाम नव्हतं. मी त्याचे पाय बघत होते. त्याला स्वतःला कळत नव्हतं. सुलभाचा धीर सुटला. म्हणाली, "असंच चाललं तर राहू द्या नाना. पुस्तकच राहू द्या."

नानाचा चेहरा पडला. काठी खाली घेऊन तो म्हणाला, "मधी कोणी असल्याबिगर मला हातच उचलत न्हाई ताई." मग माझ्याकडं वळला. "वहिनी, तुमी उभ्या ऱ्हाता का?"

"मी? मी कावून?"

"पदर तुमचाच हाय. तांब्या बी तुमचाच. परवा झगा मागाया आलतो तो तुमीच घालून उभं ऱ्हावं म्हणून, पर तुमी बोलूच दिलं न्हाई."

"आन् वीर कोण मग? म्हातारी?"

"व्हय की. मी हाय ना मागं."

सुलभा माझ्याकडं बघायला लागली आणि मग तिनं काचेच्या पाटीवर सगळं पुसून टाकलं. मी म्हटलं, कंबर दुखते, लवकर काढ. पिशवीतून पदर काढला. ह्याची गाठ मालकांना कधी नीट मारता आली नव्हती, मीच मारून द्यायचे. मी गाठ मारली, गदा खांद्यावर घेतली. तांब्या आत खडखडत होता. गोलात उभी राहिले. मागं वळून बघितलं तर नानानं छाती काढली होती, मान ताठ होती, आणि अंगातलं म्हातारपण कुठं गेलं होतं कोण जाणे. त्याची जागा भरली होती. म्हणजे त्याच्या पुढची.

"हसा आजी," सुलभा म्हणाली.

"वीराला हसायची सक्ती हाय का?"

"दणका हसायचा."

"ते भिंगरी पडायचा म्हणून," मी म्हटलं. मागनं आवाज आला, "पडू का वहिनी?"

चित्रात माझे दात दिसतात. तीन आहेत, तिन्ही आले आहेत.

पुस्तक निघायचं तेव्हा निघेल. त्यात नानाची मिशी माझ्या तोंडापेक्षा जास्त बारकाईनं काढली आहे, हे मी सुलभाला सांगितलं आहे. घरी येताना मी पुढं होते आणि तो मागं, डाव्या अंगाला. "पुढं व्हा" असं मी म्हटलं नाही. चढ लागला तसं मी जरा हळू चालले. त्याचा डावा गुडघा हल्ली धरतो, पण तो कोणाला सांगत नाही. मला माहीत आहे. दणक्याला माहीत नव्हतं.