भुऱ्याची चड्डी

आमच्या जव्हारच्या बाजारातले सदूमामा शिंपी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. नजर थेट छातीवर, तिथून कमरेवर. "या, अडतीस-चौतीस!" हे त्यांचं 'या, बसा'. मी शाळेत मास्तर, त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. दिवाळीची सुट्टी संपवून गावाहून आलो, तर जिन्यातच अडवून म्हणाले, "सर, दोन इंच सुटलात. आईच्या हातचं दिसतंय."

त्यांच्या दुकानाच्या फळीखाली भुऱ्या कुत्रा राहायचा. म्हणजे पत्ता तो, मुक्काम गावभर. कुठं एखादी कुत्री माजावर आली की हा चार-चार दिवस बेपत्ता. परत यायचा तो कान फाटलेला, पाय लंगडा. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याची नसबंदी करू या. नाहीतर एक दिवस हा परत यायचाच नाही."

मामा भडकले. "पुरुषाच्या जातीला असं करतात होय? उद्या तो मला तोंड दाखवंल का?"

पुढच्याच खेपेला भुऱ्या मानेवर चाव्याची खोल जखम घेऊन आला. महिनाभर मामांनी हळद भरली. जखम सुकली त्या दिवशी त्यांनी खालूनच हाक मारली, "सर, स्कूटर काढा."

ऑपरेशन झालं. येताना गुंगीतला भुऱ्या मामांच्या मांडीवर. दहा दिवस उडी नाही, अंघोळ नाही आणि टाक्यांना जीभ लागता कामा नये, असं बाईंनी बजावलेलं. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. शुद्धीवर आल्याबरोबर भुऱ्यानं त्या भोंग्यानं बटणांचा डबा उलटवला, मग इस्त्रीच्या टेबलाला धडक दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंग्याचे दोन तुकडे.

मामा चष्मा लावून टाके निरखत बसले. "टाका बारीक आहे. बाईंचा हात चांगला. पण झाकायला हवा. आपण याला चड्डी शिवू."

शेपटीचं भोक काही जमेना. एकदा वर गेलं, एकदा डावीकडं. तिसऱ्यांदा उसवत असताना सूर्यमाळ गावची जनीबाई पोरीच्या लग्नाचा ब्लाउज न्यायला आली.

"बस बाई. पेशंट आहे."

"कुत्र्याची चड्डी आधी नि माझ्या पोरीचा बिलाऊज मंग? लगीन कुनाचं हाय मामा, कुत्र्याचं?"

"तुझ्या पोरीचं लग्न पंधरा दिवसांनी. याचे टाके आज."

जनीबाईनं कपाळावर हात मारला. मग पदर खोचून तीच भुऱ्याचे पाय धरून बसली.

चड्डी झाली. टेरिकॉटची, इस्त्रीची घडी पडलेली. बाजारातली माणसं वळून बघायची आणि मामा उगाच फळीवर येऊन उभे राहायचे.

चौथ्या दिवशी भुऱ्या उठेना. चड्डी काढली तर टाक्यांभोवती सूज, कातडी लालभडक. मामांनी मशीनवरचं कापड तसंच सोडलं. स्कूटरवर एकच वाक्य बोलले, "माझ्याच शिवणीनं लागलं हो त्याला."

बाईंनी सुई दिली, गोळ्या दिल्या. "टाके शाबूत आहेत, घाबरू नका. कापड घासलंय. जुनं, मऊ सुती घ्या. आणि बाहेरचं काही देऊ नका, घरी मऊ भात शिजवा."

मामांनी स्वतःचं जुनं धोतर फाडलं. ते सोपं होतं. भाताचं कठीण होतं. मामी गेल्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून दुकानामागच्या त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती. मामा दोन्ही वेळ डेपोजवळच्या हॉटेलात उसळ-पाव खायचे. त्या दिवशी संध्याकाळी मात्र खालून कुकरची शिट्टी आली आणि मी जिन्यात थबकलो.

"आज गिचका झाला रे," मामा आत बोलत होते. "उद्या पाणी कमी घालतो. आमच्या हिला बोट बुडवून अंदाज यायचा. मला कुठला येतोय?"

वाकून बघितलं. भुऱ्यापुढं ताटली, आणि तिच्यासमोर मांडी घालून मामांची ताटली. दोघंही तोच बिनतिखटाचा भात खात होते.

सूज उतरली. दहाव्या दिवशी बाईंनी टाके काढले, भुऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "ठणठणीत! आता मोकळा सोडा. काहीही खाऊ दे."

आम्ही परतलो. दुकानाशी जनीबाई उभीच.

"बरा झाला ना तुमचा पेशंट? सुटला आता?"

"कसला सुटतोय!" मामा कुलूप काढता काढता म्हणाले. "बाईंनी बजावलंय, अजून महिनाभर घरचाच मऊ भात. दोन्ही वेळ. होय ना सर?"

"हो तर," मी म्हणालो. "मी होतो ना तिथं."

मामांनी ब्लाउज जनीबाईच्या हातात दिला, आतून सूप आणलं आणि भुऱ्याशेजारी तांदूळ निवडायला बसले.